इरॅस्मस प्लस आणि ट्युरिंग: पैसा मागायचा तो कशासाठी?

शैक्षणिक देवाणघेवाणीला सरकारने जास्त पैसे द्यावेत, ही मागणी सोपी. पैसे कोणत्या साच्यात हवेत, हे सांगणं अवघड.

इरॅस्मस (आताचं नाव इरॅस्मस प्लस) हा विद्यार्थी, शिक्षक आणि तरुणांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारा युरोपीय संघाचा कार्यक्रम. तो 1987 साली सुरू झाला. त्याचा निधी सात वर्षांसाठी एकदम ठरतो. त्यामुळे युरोपीय युथ फोरम या युवा संघटनांच्या महासंघासारख्या संघटना अंदाजपत्रक बनण्याआधीच कामाला लागतात. 2021-27 साठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दहापट निधी मागितला होता. युरोपीय संसदेने तिप्पट म्हटलं. हाती आले सुमारे 26 अब्ज युरो, म्हणजे आधीच्या 14.7 अब्जांच्या दुपटीला थोडे कमी. मला हे अपयश वाटत नाही. दहापट मागितल्यावरच दुपटीची गोष्ट निघते!

ब्रिटनने आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्यासाठी 2021 मध्ये सुरू केलेल्या ट्युरिंग योजनेत मात्र संस्थांना दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. जगभर कुठेही जाता येतं, ही तिची खरी जमेची बाजू. पण पैसा फक्त जाणाऱ्यांना, येणाऱ्यांना नाही. शिक्षकांच्या स्वतःच्या प्रशिक्षणाला आणि युवा संघटनांच्या कामालाही त्यात जागा नाही. मग याला देवाणघेवाण कसं म्हणायचं? वेल्सने ही उणीव ओळखून 2022 मध्ये ‘ताइथ’ ही दुतर्फा योजना आणली, 6.5 कोटी पौंडांची.

मला निवडायचं झालं तर इरॅस्मस. वर्षावर्षाच्या निधीत संघटनांची ताकद आहे ते टिकवण्यातच जाते, वाढवून मागायला उरत नाही.