पिकअपचे ११ महिने, ४०,६०० किलोमीटर: डिझेल आणि पार्टचा अनुभव

नवीन दीड टनी डिझेल पिकअप घेऊन ११ महिने झाले. मीटर ४०,६०० वर आलाय. कंपनीचं आणि गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या एका गाडीवरून सगळ्या गाड्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. पण जे लिहितोय ते सगळं डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीतलं आहे. प्रत्येक वेळी डिझेल टाकलं की मीटर आणि लिटर तिथेच उभ्या उभ्या लिहायची सवय मला वडिलांनी लावली.

माझा रूट ठरलेला आहे. ओतूरच्या आसपासच्या शेतांवरून भाजीपाला भरायचा, माळशेज उतरायचा, मुरबाड, कल्याण, शिळफाटा करत रात्री दीड-दोनपर्यंत वाशी मार्केटला गाडी लावायची. सकाळी रिकामी गाडी घेऊन परत. जाऊन-येऊन २८० किलोमीटर, महिन्याला बारा खेपा. शिवाय शेतातून रस्त्यापर्यंत माल काढायची जवळची कामं असतातच.

आधी डिझेलचं सांगतो, कारण रोज खिशाला तेच लागतं. शोरूममध्ये मला १५ चा अ‍ॅव्हरेज सांगितला होता. मी १३ धरून चाललो होतो, कारण आमची जुनी पिकअप बारा वर्षं वापरूनही याच रस्त्यावर १३ देत होती. नव्या गाडीचा हिशोब मी एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून, पूर्ण खेप करून, परत त्याच पंपावर काठोकाठ भरून काढतो. चांगल्या खेपेला २४.५ लिटर लागतात, म्हणजे ११.४. शिळफाट्याला रात्री ट्रॅफिक अडकलं की २७ लिटर, म्हणजे साडेदहाही पडत नाही. गाडीच्या स्क्रीनवर मात्र त्याच दिवशी १३ च्या वर आकडा दिसतो. त्या स्क्रीनवर अजिबात विसंबू नका.

आमच्या रूटवर घाटाचा त्रास उलट कमी आहे. भरलेली गाडी माळशेज उतरते आणि रिकामी चढते. उतरताना गाडी गिअरमध्येच असते, पाय उचललेला असतो, त्यामुळे इंजिनला डिझेल जवळजवळ जातच नाही. एवढं असून ११.४. मग नाशिककडून कसाऱ्याचा घाट रिकामी उतरून माल भरून चढणाऱ्याला काय मिळत असेल, याचा विचार करा.

चालवण्यात चूक असेल असं मलाही आधी वाटलं. दर आठवड्याला टायर गार असताना हवा तपासली, अलाइनमेंट केलं, ताडपत्री घट्ट बांधली, साठ-पासष्टच्या वर गेलो नाही. जादा माल तर मी भरतच नाही. काकडीचे साठ क्रेट, म्हणजे बाराशे किलोच्या आसपास. एवढं सगळं करून लिटरला अर्ध्या किलोमीटरचा फरक पडला.

खरं कारण दोन महिन्यांनी समजलं, तेही माझ्या मेकॅनिककडून. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम आला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला. काजळी साठली की गाडी जादा डिझेल टाकून ती आतल्या आत जाळते. त्या वेळी इंजिनचा आवाज बदलतो, उभ्या गाडीचे आरपीएम वाढतात, जळका वास येतो, पंखा जोरात फिरत राहतो. हे जळणं पूर्ण व्हायला गाडी एका लयीत वीसेक मिनिटं पळायला हवी. माझी गाडी शेतातून पाच-सहा किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरते आणि रात्री शिळफाट्याला रांगेत उभी राहते. जाळायला सुरुवात होते, अर्ध्यात थांबते, परत काजळी साठते, परत डिझेल जातं. वहीत बघितलं तर शेतातली कामं जास्त झाली त्या आठवड्यांचे आकडे सगळ्यात वाईट आहेत.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. जुन्या गाडीच्या मागे उभं राहून ताडपत्री बांधताना किती धूर नाकात जायचा ते मला माहीत आहे, आता तो त्रास राहिलेला नाही. पण गाडी विकताना माणूस कुठे चालवणार आहे हे विचारून ही गोष्ट सांगायला हवी होती. कागदावरचा आकडा रोलरवर, ठरलेल्या वेगाने, प्रयोगशाळेत मोजलेला असतो. त्यात शिळफाटा नसतो आणि चिखलातला शेतरस्ताही नसतो. १५ धरून काढलेला हिशोब आणि प्रत्यक्ष खर्च यांत खेपेला जवळजवळ सहा लिटरचा फरक आहे. डिझेल ९० च्या आसपास धरलं तर महिन्याला सहा हजारांच्या वर. माझा हप्ता १८,९०० आहे. म्हणजे हप्त्याचा तिसरा हिस्सा नुसता धुरात जातो.

आता पार्टचं. डिझेलचा तोटा सहन होतो, पण गाडी उभी राहिली की सगळंच उभं राहतं.

सातव्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास मुरबाडच्या अलीकडे क्लच पेडल खाली गेलं ते वर येईना. कसंबसं ढकलून ओळखीच्या गॅरेजला नेली. मिस्त्री तोंडात बॅटरी धरून गाडीखाली गेले आणि पाच मिनिटांत म्हणाले, "भाऊ, क्लचचा खालचा सिलिंडर गळतोय. रबर गेलंय." मला हायसं वाटलं. जुन्या गाडीला हेच झालं होतं, तेव्हा दीडशे रुपयांचं किट, म्हणजे सिलिंडरच्या रबरांचा संच, टाकून तासाभरात निघालो होतो. त्यांनी सिलिंडर खोलला, वाटीसारखं छोटं रबर काढून बोटावर चढवलं आणि दुकानातली सगळी किटं एकेक करून शेजारी धरून बघितली. एक सैल, एक घट्ट, एक बरोबर पण ओठ उलटा. शेवटी रबर माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "हे या पट्ट्यात कोणाकडेच मिळायचं नाही."

दुसऱ्याची गाडी बोलावून रात्री एक वाजता साठ क्रेट पलटी केले. माल मार्केटला पोचला तेव्हा सकाळ झाली होती, पहिला उठाव होऊन गेला होता आणि भाव पडला होता. शेतकरी माझ्या शेजारच्या वाडीचा. त्याचं भाडं मी घेतलं नाही, ते घेणं मला शक्यच नव्हतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर नुसतं किट मिळत नाही, अख्खा सिलिंडर घ्यावा लागतो, तोही मागवावा लागेल. सहा दिवस गाडी मुरबाडला उभी. मधल्या काळात मी पुण्याला नाना पेठेत दिवसभर फिरलो. चार दुकानांत जुना सिलिंडर काउंटरवर ठेवला. एका वयस्कर दुकानदाराने तो उलटसुलट बघून नीट सांगितलं, "पोरा, या गाड्या रस्त्यावर आहेतच किती? साचा बनवायला पैसे लागतात. हजारो गाड्या पळायला लागल्या की बाहेरचा माल आपोआप येतो." ते खरं आहे. ज्या दोन-तीन पिकअप गावोगाव दिसतात त्यांचा पार्ट आळेफाट्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही दुकानात मिळतो, ओरिजिनलही आणि त्याच्या अर्ध्या किमतीचाही. माझ्या गाडीचा डिझेल फिल्टरसुद्धा कंपनीशिवाय कुठे मिळत नाही. मागच्या दिव्याची काच फुटली तर अख्खा दिवा घ्यावा लागला. फाळक्याची कडी मात्र आळेफाट्याच्या वेल्डरने अशी बनवून दिली की मूळ कडीपेक्षा मजबूत झाली.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा की चाकण आमच्यापासून दोन तासांवर आहे. चाकण-भोसरीत गाड्यांचे पार्ट बनवणारे किती कारखाने आहेत! पार्ट बनवणारा दाराशी असला तरी पार्ट कंपनीच्या डब्यातूनच यायचा, मग मिस्त्रीला तो मिळणार कसा? कारच्या बाबतीत हाच प्रश्न स्पर्धा आयोगासमोर गेला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड लावला, कारण ओरिजिनल पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नव्हती. पुढे प्रकरण अपिलात गेलं. पण रात्री दहाला हायवेवर उभ्या राहिलेल्या माणसाला त्या निकालाचा आजही काही उपयोग होत नाही.

चांगलं आहे तेही लिहितो. ब्रेक उत्तम आहेत. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात भरलेली गाडी उतरवताना मला एकदाही भीती वाटली नाही. हेडलाइट चांगले, सीट चांगली, पाठ दुखायची थांबली. हौदा लांब आहे, क्रेट नीट बसतात. सपाट हायवेवर लांब पल्ल्याचं काम असेल आणि सर्व्हिस सेंटर जवळ असेल तर ही गाडी चालेल. शेतरस्ता, ट्रॅफिक आणि रात्रीचा माल असं काम असेल तर मी घ्या म्हणणार नाही. घ्यायचीच असेल तर पैसे भरायच्या आधी तुमच्या रूटवरच्या दोन मेकॅनिकना गाडीचं नाव सांगून विचारा, क्लचचं किट आहे का, डिझेल फिल्टर आहे का. मी हे विचारलं नव्हतं.

कर्ज फिटेपर्यंत गाडी विकणार नाही. आता सीटच्या मागे दोन डिझेल फिल्टर, एक फॅन बेल्ट आणि क्लचचा नवा सिलिंडर कायम असतो. दुसरा सिलिंडर मागवून मुरबाडच्या मिस्त्रींकडे ठेवलाय. त्यांना सांगितलंय, हीच गाडी घेऊन कोणीही रात्रीचा अडकला तर हा बसवून द्या, आणि नवीन आला की त्याने तिथेच आणून ठेवायचा. गेल्या महिन्यात तो एकदा वापरला गेला. परवा त्याच्या जागी नवा डबा आलाय.