खर्जूरादि मंथाचे तयार मिश्रण : चव चोख, दावे अवाजवी

उन्हाळा लागला की काष्ठौषधींच्या दुकानांत खर्जूरादि मंथाची, म्हणजे खजूर वगैरे द्रव्ये थंड पाण्यात भिजवून घुसळून करायच्या आयुर्वेदिक पेयाची, पाकिटे दिसू लागतात. यंदा आम्ही पुण्यातील एका जुन्या दुकानाचे मिश्रण आणले. पाव किलोला २४० रुपये पडले.

शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात या मंथासाठी खजूर, डाळिंब, द्राक्षा, तिंतिडीक (एक आंबट फळ), चिंच, आवळा व फालसा (एक छोटे आंबटगोड फळ) अशी सात द्रव्ये सांगितली असून, मद्यपानाने होणाऱ्या विकारांवर तो द्यावा असे म्हटले आहे. उन्हाने येणारी ग्लानी आणि थकवा यांवरही तो घेतला जातो, आणि चरकाने दहा श्रमहर (थकवा घालवणाऱ्या) द्रव्यांत खजुराची गणना केलेली असल्यामुळे या वापरालाही आधार आहेच.

दुकानदाराने ओल्या खजुराऐवजी खारकेची भरड घातली आहे. कोरड्या मिश्रणात खजुराचा गोळा होतो, तेव्हा ही तडजोड समजण्यासारखी आहे. आमसूल, अनारदाणा आणि आवळकाठी मात्र ताजी, स्वच्छ निघाली. फालसा नाही, याची भरपाई थोड्या जास्त चिंचेने केलेली जाणवते.

खरी अडचण पाकिटावरच्या कृतीची. ग्लासभर पाण्यात दोन चमचे घालून दहा मिनिटांनी प्यावे, असे तिथे छापले आहे. तसे केल्यास खारकेचे तुकडे दाताखाली कडक लागतात आणि पाण्याला नुसती चिंचेची चव येते. ग्रंथातील प्रमाण एक भाग द्रव्याला चार भाग थंड पाणी असे आहे. त्या मापाने मिश्रण मातीच्या भांड्यात रात्रभर भिजवून, सकाळी रवीने घुसळून फडक्यातून गाळले, तर वर हलका फेस धरणारे, तांबूस, दाटसर पेय तयार होते, ज्यात आधी आंबटपणा येतो आणि खारकेचा गोडवा मागाहून जिभेवर रेंगाळतो. अर्थात या मापाने पाकीट भराभर संपते, हेही सांगायला हवे.

'शुगर फ्री, मधुमेहींसाठी उत्तम' हा दावा तर सरळ दिशाभूल करणारा आहे. वरून साखर घातलेली नाही एवढेच खरे. खारकेच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे पेय घेऊ नये. इतरांनी पाकीट जरूर आणावे, मात्र एप्रिल-मे महिन्यांत बाजारात फालसे मिळाले तर भिजवताना मूठभर त्यात टाकावेत.