खुडूक कोंबडी, मशीन की तयार पिल्लं?

परसात चार कोंबड्या पाळायच्या असं घरात एकमताने ठरतं, आणि मग सुरुवात कुठून करायची यावर गाडी अडते. मुलांना अंडी उबवायचं मशीन हवं असतं, कारण त्यांनी व्हिडिओत अंडं फुटताना पाहिलेलं असतं. आजी म्हणते, खुडूक कोंबडी आणा, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी. ज्याला रोज ऑफिस गाठायचं असतं तो म्हणतो, सरळ पिल्लं विकत घेऊ. तिघांचंही बरोबर आहे. पण अंडी उबवण्याचे २१ दिवस सोपे असतात. बाविसाव्या दिवसापासून पिल्लांकडे कोण बघणार, यावर निवड करावी. माझं मत विचाराल तर खुडूक कोंबडी मिळत असेल तर मशीनच्या नादी लागू नका.

मशीन

घरगुती इन्क्युबेटर काही हजारांत मिळतो. पंखा असलेल्या मशीनमध्ये तापमान ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवायची, अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद करायचं आणि झाकणही उघडायचं नाही. हा शेवटचा नियम घरात मुलं असताना पाळणं सगळ्यात अवघड. स्वस्त मशीनच्या पडद्यावरचा आकडा खरा धरू नये, आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. एखाद्या अंशाचा फरक कायम राहिला तरी निकाल बिघडतो.

मशीनचा खरा फायदा सातव्या-आठव्या रात्री कळतो. खोलीतले दिवे मालवायचे आणि मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या जाड टोकाला टेकवायचा. अंडं फळलेलं असेल तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं, मध्ये एक काळसर ठिपका असतो आणि तो हलतो. फळलेलं नसेल तर अंडं नुसतंच पिवळसर उजळतं, ते बाजूला काढायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आतून टोचा मारतं, कवचाला चीर पडते आणि मग बराच वेळ काहीच घडत नाही. तिथून बाहेर यायला त्याला बारा तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. दया येऊन कवच सोलायला जाऊ नये, आतल्या पडद्यात रक्त असतं.

तोटे वीज आणि उन्हाचे. तास-दोन तास वीज गेली तर झाकण न उघडता वर गोधडी टाकून निभावतं. लोडशेडिंग त्याहून लांबत असेल तर इन्व्हर्टर हवाच. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळीसच्या पुढे जाते आणि ही मशीन गरम करते, गार करत नाही. अंडीही बघून आणावी लागतात. किराणा दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, कारण त्या कोंबड्यांमध्ये कोंबडाच नसतो. कोंबडा असलेल्या कळपातली, आठवड्याच्या आतली, फ्रिजमध्ये न ठेवलेली अंडी घ्या. एसटीने आणली असतील तर रात्रभर निमुळतं टोक खाली करून स्थिर ठेवा.

आणि मशीन तुम्हाला पिल्लं देऊन मोकळं होतं. पुढे कृत्रिम दाई, म्हणजे बल्ब लावलेला खोका, तुम्हीच करायचा. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. पिल्लं बल्बखाली गर्दी करून ओरडत असतील तर थंडी वाजतेय, कोपऱ्यांत पांगली असतील तर उकडतंय. खोक्यात अंथरलेलं भाताचं तूस वारंवार बदलावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात घरभर धूळ, आणि वास पाहुण्यांना आधी कळतो.

खुडूक कोंबडी

खुडूक झालेली कोंबडी लगेच ओळखू येते. ती जागा सोडत नाही, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, चोच मारते आणि पोटाखालची पिसं गळून तिथली कातडी उघडी पडलेली असते. ही उघडी कातडी हाच तिचा हीटर. बांबूच्या पाटीत तळाला राख किंवा वाळू, वर पेंढा, त्यात दहा-बारा अंडी, आणि पाटी अंधाऱ्या, निवांत कोपऱ्यात. दुसरीकडून आणलेली कोंबडी अंधार पडल्यावर बसवावी, दिवसा बसवली तर बऱ्याचदा उठून जाते. राखेमुळे उवाही कमी होतात. बसून असलेल्या कोंबडीला त्यांचा फार त्रास होतो.

दिवसातून एकदा ती उठते. पाणी पिते, दाणे टिपते, मोठी घाणेरडी विष्ठा टाकते, मातीत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येऊन बसते. तेवढ्या वेळात अंडी गार पडतील म्हणून तिला हाकलत आणू नका. अंडी तीच फिरवते, ओलावा तीच सांभाळते. शेवटच्या दोन दिवसांत अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू येते आणि ती खालच्या आवाजात त्याला उत्तर देते. मुलांना पाटीपाशी गप्प बसवून हे ऐकवा, मशीनमध्ये हे नाही.

पण तिचं खरं काम पिल्लं निघाल्यावर सुरू होतं. ऊब तीच देते, दाणा उकरून दाखवते, घार दिसली की एकच आवाज काढते आणि सगळी पिल्लं पंखाखाली. तुमच्याकडे उरतं ते पाणी, कणी-भरडा आणि रात्री डालगं, म्हणजे कोंबड्यांची मोठी टोपली, झाकणं. डालगं विसरलात तर मुंगूस विसरत नाही.

तोटे आहेतच. ती तुमच्या सोयीने खुडूक होत नाही. बसल्यापासून पिल्लं सुटी होईपर्यंत जवळपास तीन महिने अंडी बंद. लहान मुलांना पिल्लं हातात घ्यायची तर आईची चोच खावी लागते. शिवाय गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५०-६० अंडी देते. वनराज, ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेल्या किंवा बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, या जाती जास्त अंडी देतात, पण सहसा खुडूक होत नाहीत. गावोगावी यावर जुनाच तोडगा आहे: अंडी गिरिराजची, बसायला गावरान. मला तिन्ही पर्यायांपेक्षा ही सांगड जास्त पटते.

तयार पिल्लं

वेळ कमी असेल आणि मुख्य हेतू अंडी हाच असेल, तर हा रस्ता चांगला. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. मागणी आधी नोंदवावी. मात्र एक दिवसाचं पिल्लू आणलं तर कृत्रिम दाई पुन्हा तुमच्याच गळ्यात. म्हणून नवख्या घराने चार आठवडे वाढवलेली पिल्लं घ्यावीत. थोडी महाग पडतात, पण सर्वाधिक मर होण्याचा काळ मागे गेलेला असतो. कोणत्या लशी दिल्या ते विचारून घ्या. आठवडी बाजारातली गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मुलांनी कितीही हट्ट केला तरी घेऊ नका. ते बहुतेक लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, हॅचरीने नको म्हणून काढलेले नर असतात.

नरांवरून आठवलं. अंडी उबवली की निम्म्याच्या आसपास कोंबडे निघणार, हे आधीच मुलांना सांगून ठेवा. बारा पिल्लांना नावं ठेवून झाल्यावर सहा नरांचं काय करायचं ही चर्चा जेवणाच्या ताटावर फार जड जाते. कॉलनीत राहत असाल तर पहाटे चारची बांग शेजारी चार दिवस कौतुकाने ऐकतात, पाचव्या दिवशी बोलायला येतात. अंड्यांसाठी कोंबड्याची गरजच नसते. तिथे दीड महिन्याच्या, तुरा बघून निवडलेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या, आणाव्यात.

लशीचा मुद्दा तिन्हीकडे सारखाच, फक्त घरी उबवलेल्यांत तो पूर्ण तुमच्यावर. मानमोडी (राणीखेत) या रोगासाठी लासोटा नावाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात. लशीची कुपी बहुधा शंभर-दोनशे पिल्लांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी ती फोडणं जिवावर येतं, म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी ठरवावं किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं.

अंडी बसवायची ठरलीच तर उन्हाळ्याच्या सुट्टीचा मोह टाळा. मुलं घरी असतात खरी, पण हवा सगळ्यात वाईट. दसरा बरा. दसऱ्यापासून दिवाळी पाडव्यापर्यंत २१ तिथी, म्हणजे पिल्लं नेमकी सुट्टीत निघतात. फटाक्यांच्या आवाजाने कोंबडी बिथरून उठते, तेव्हा शेवटचे चार दिवस पाटी आतल्या खोलीत घ्या. अंडी मात्र नवरात्रातच गोळा करायला लागा, दोन-तीन कोंबड्यांची डझनभर जमायला आठवडा लागतो.