वाकळ की स्टार्टर? थंडीत अडकलेल्या बिअरसाठी दोन वाटा

बिअरची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; यीस्ट साखर खाईल तशी ती उतरते) १.०५२ वरून निघाली, १.०२६ ला येऊन थांबली आणि आठवडा झाला तरी जागची हलत नाही. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात घरी बिअर लावणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. दुपारी खोली उबदार असते, पहाटे चांगलीच गारठते. वीस लिटरचा कॅन हा फरक सगळा अंगावर घेत नाही हे खरं. पण तो शहाबादी फरशीवर ठेवलेला असेल तर आधी तळ गार पडतो, आणि खाली बसलेलं यीस्ट तिथंच असतं.

अशा वेळी दोन वाटा आहेत. आहे त्याच यीस्टला ऊब देऊन उठवायचं, नाहीतर वेगळ्या भांड्यात नवं यीस्ट जोमात आणून आत सोडायचं, म्हणजेच स्टार्टर. मी दोन्ही करून बघितलंय, तेव्हा कुठली घ्यावी या विचारात असलेल्यांसाठी लिहितो.

त्याआधी एक खात्री करा. तुमचा आकडा रिफ्रॅक्टोमीटरचा (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) असेल तर बिअर अडकलीच नसण्याची शक्यता आहे. अल्कोहोल तयार झालं की ते यंत्र चढा आकडा दाखवतं. १.०५० वरून व्यवस्थित १.०१२ ला उतरलेली बिअर त्यावर १.०२५ च्या आसपास दिसते. हायड्रोमीटरनं, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या काचेच्या मापकानं मोजा. मॅश करताना, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवताना तापमान ७० अंशांच्या वर गेलं होतं का, तेही आठवा. तसं असेल तर उरलेली साखर साध्या यीस्टला खाताच येत नाही, आणि खालची कुठलीच वाट फारशी कामाची नाही.

ऊब देण्याची माझी पद्धत साधी आहे. मोठ्या टबात पाणी घालून त्यात कॅन ठेवायचा, पाण्यात माशांच्या टाकीचा हीटर २१-२२ अंशांवर लावायचा आणि वरून वाकळ गुंडाळायची. थंडीत इडलीचं पीठ वर येईना झालं की आई डबा वाकळेत गुंडाळून चुलीशेजारी ठेवायची, तीच ही रीत. मग कॅन तिरका करून दिवसातून दोनदा हळूच फिरवायचा, म्हणजे तळाचं यीस्ट पुन्हा वर मिसळतं. पाणी खळबळवल्यासारखं हलवू नका. या टप्प्यावर हवा मिसळली तर बिअरला पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. उशिरा दिलेल्या उबेनं चव बिघडेल अशी भीती काहींना वाटते, पण यीस्टचे फळांसारखे वास बहुतेक पहिल्या काही दिवसांतच तयार झालेले असतात. माझ्या बिअरला तरी कधी फरक जाणवला नाही.

एक मात्र आहे. कॅन गरम झाला की विरघळलेला गॅस बाहेर पडतो आणि एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झाकणावरची नळी) बुडबुडायला लागतो. त्यावर विश्वास ठेवू नका, चार दिवसांनी मोजा. माझी १.०२६ ची बिअर पाच दिवसांत १.०१५ ला आली.

स्टार्टरची वाट कागदावर जास्त खात्रीची आहे आणि जाणकार तिचीच बाजू घेतात. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा आटवलेला अर्क) उकळून गार करायचं, त्यात यीस्ट घालायचं आणि फेस भरात आला की सगळं कॅनमध्ये ओतायचं. पाकीट फोडून कोरडं यीस्ट थेट टाकण्यात अर्थ नाही. अल्कोहोल आहे, ऑक्सिजन नाही, सोपी साखर संपलेली. तिथं ते सहसा जीव धरत नाही.

मला नडला तो हा 'भरात' शब्द. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करतो. पहिल्यांदा रात्री स्टार्टर लावला, पहाटेपर्यंत काहीच नाही. सेकंड शिफ्ट करून घरी आलो तर फेस येऊन बसलासुद्धा होता, भांड्याच्या कडेला वाळलेली रेघ तेवढी उरली होती. तसाच ओतला, ग्रॅव्हिटी दोन पॉइंट (म्हणजे ०.००२) हलली आणि थांबली. दुसऱ्या खेपेला सकाळी लावला, तर भर आला मध्यरात्री. थंडीत तो अठरा तास घेईल की तीस, हे सांगता येत नाही, आणि त्याच्यासाठी शिफ्ट बदलून मागता येत नाही. त्यात एक्स्ट्रॅक्ट आणि यीस्ट बाहेरून मागवावं लागतं. पार्सल येईपर्यंत कॅन तसाच. तिसऱ्यांदा साप्ताहिक सुट्टी गाठून केलं तेव्हा बिअर १.०१३ ला उतरली, म्हणजे वाकळेपेक्षा दोन पॉइंट खाली. हे मान्य करायलाच हवं.

तरी ते दोन पॉइंट माझ्या जिभेला कळले नाहीत. टब माझी वाट बघतो, स्टार्टर बघत नाही. रात्री लाइट गेली तरी टबातलं पाणी वाकळेखाली सकाळपर्यंत कोमट राहतं. तुम्ही घरीच असता, दिवसातून चार वेळा भांड्यात डोकावू शकता, तर तुमचा हिशोब वेगळा निघेल.

फक्त एका बाबतीत मी वाकळेचा आग्रह धरणार नाही. १.०७८ ची जड बिअर लावली होती, ती अडकली तेव्हा सहा दिवस ऊब देऊनही आकडा तोच राहिला. यीस्ट थकलेलं नव्हतं, बहुधा संपलंच होतं. तिथं सुट्टी टाकून स्टार्टरच केला. त्यातही आदल्या दिवशी कॅनमधली थोडी थोडी बिअर स्टार्टरमध्ये घालत गेलो, म्हणजे नव्या यीस्टला अल्कोहोलची सवय होते.

आणि वाट कुठलीही घ्या, हायड्रोमीटरवर तीन दिवस एकच आकडा येईपर्यंत, आणि तोही अपेक्षेच्या जवळ, बाटल्या भरू नका. १.०२६ ला भरलेली बिअर उन्हाळ्यात पुन्हा जागी होते आणि काच फुटते.