स्पाइकइंटरफेस ०.१०१ : जुन्या स्क्रिप्टा मोडल्या, त्या बदल्यात काय मिळाले?

न्यूरोपिक्सेल्स या मेंदूत उतरवायच्या सुईसारख्या प्रोबवर एका वेळी ३८४ चॅनेल (विद्युतसंकेत टिपणारी ठिकाणे) नोंदवले जातात आणि त्यांतील प्रत्येकाचे सेकंदाला ३०,००० नमुने घेतले जातात. एका नमुन्याला दोन बाइट धरले, तर सेकंदाला सुमारे २३ मेगाबाइट, म्हणजे तासाला ८० गिगाबाइटच्या पुढे हिशेब जातो. उंदराच्या मेंदूत प्रोब उतरवून दोन तास रेकॉर्डिंग करणे हे सरावलेल्या हातांना आता फारसे कठीण राहिलेले नाही. कठीण आहे ते या ढिगातील कोणता स्पाइक (चेतापेशीचा क्षणिक विद्युत झटका) कोणत्या चेतापेशीचा हे ठरवणे, आणि सहा महिन्यांनी कोणी विचारलेच, तर ते कोणत्या क्रमाने व कोणती मूल्ये धरून ठरवले हे न चाचरता सांगणे. स्पाइकइंटरफेस या पायथनमधील मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअरची ०.१०१ ही आवृत्ती २०२४ मध्ये आली, आणि तिच्यातील मुख्य बदल या दुसऱ्या अडचणीशी संबंधित आहे.

ज्यांनी हे सॉफ्टवेअर वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. स्पाइकइंटरफेस रेकॉर्डिंग करत नाही. ते काम ओपन ईफिस किंवा स्पाइकजीएलएक्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरांकडे असते. त्यांनी लिहिलेल्या फायली वाचणे, संकेत स्वच्छ करणे, किलोसॉर्ट किंवा माउंटनसॉर्ट यांसारखा सॉर्टर, म्हणजे स्पाइक पेशीनिहाय वेगळे करणारा प्रोग्राम, चालवणे आणि निघालेल्या युनिटांची (एकेका चेतापेशीचे मानलेल्या स्पाइकगटांची) प्रत तपासणे हा सगळा प्रवास एकाच भाषेत लिहिता यावा, एवढीच त्याची मूळ महत्त्वाकांक्षा होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शोधनिबंधात एकाच रेकॉर्डिंगवर निरनिराळे सॉर्टर चालवून पाहिले होते आणि सर्वांचे एकमत झालेली युनिटे एकूण युनिटांच्या मानाने फारच थोडी निघाली होती. सॉर्टरने दिलेली यादी म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हे तेव्हापासून या क्षेत्रात उघड बोलले जाऊ लागले.

नव्या आवृत्तीत जुना वेव्हफॉर्म एक्स्ट्रॅक्टर काढून त्याच्या जागी सॉर्टिंग ॲनालायझर आणला आहे. नुसते नाव बदलले असते, तर परीक्षण लिहिण्याचे कारण नव्हते. जुन्या रचनेत सर्व गोष्टींच्या मुळाशी स्पाइकचे काढलेले लहरीआकार होते आणि बाकीची गणिते त्यांच्याभोवती जोडली जात. आता रेकॉर्डिंग आणि सॉर्टिंग यांची जोडी मुळाशी आहे. निवडक स्पाइक, लहरीआकार, सरासरी आकार, मुख्य घटक (आकारांतील फरक मोजक्या आकड्यांत मांडणारे), युनिटचे स्थान, गुणवत्तेचे निकष हे सगळे त्या जोडीला लावायचे स्वतंत्र विस्तार झाले आहेत आणि कोणता विस्तार कोणावर अवलंबून आहे हे सॉफ्टवेअरला ठाऊक असते. सरासरी आकार हवा असेल, तर त्याआधी निवडक स्पाइक ठरलेले असावे लागतात. नसतील, तर सॉफ्टवेअर थांबते आणि काय राहिले आहे ते सांगते.

याचा खरा अर्थ मला एका दुपारी कळला. लहरीआकारांची खिडकी, म्हणजे स्पाइकभोवती कापून घेतलेला वेळ, स्पाइकच्या आधी एक मिलिसेकंद होती, ती दीड करावी असे वाटले, म्हणून तेवढाच विस्तार पुन्हा चालवला. सरासरी आकारांपासून निकषांपर्यंत त्यावर उभे असलेले सगळे निकाल पुसले गेले आणि संध्याकाळपर्यंतचा वेळ ते पुन्हा काढण्यात गेला. पहिली प्रतिक्रिया अर्थातच चिडण्याची होती. पण विचार केल्यावर मान्य करावे लागले की, माझ्या आधीच्या हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टांमध्ये अशा वेळी जुने आकडे नव्या लहरींच्या शेजारी निमूटपणे पडून राहत आणि आलेखात दोन वेगवेगळ्या दिवसांची गणिते एकत्र नांदत. कागदपत्रांत हे वर्तन आधीच लिहिलेले होते. मी वाचले नव्हते, एवढेच.

जागेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. मूल्ये न बदलता चालवले, तर प्रत्येक युनिटचे जास्तीत जास्त ५०० स्पाइक घेतले जातात आणि खिडकी तीन मिलिसेकंदांची, म्हणजे ९० नमुन्यांची असते. हे सर्व ३८४ चॅनेलांवर चार बाइटच्या आकड्यांत साठवले, तर एका युनिटला सुमारे ६९ मेगाबाइट लागतात. ३०० युनिटे असतील, तर २० गिगाबाइट. विरळ मांडणीत युनिटभोवतीच्या १०० मायक्रोमीटरमधील चॅनेलच धरले जातात, आणि न्यूरोपिक्सेल्स १.० वर ते साधारण वीस भरतात. त्यामुळे तेच काम एका गिगाबाइटच्या आसपास आटोपते. ही सोय आधीच्या आवृत्त्यांतही होती, पण आता सगळी रचना तिच्यावर उभी आहे. परिणामी सगळे विश्लेषण संगणकाच्या स्मृतीत ठेवता येते, आणि जपून ठेवायचे असेल तेव्हा साध्या फोल्डरमध्ये किंवा झार या मोठ्या आकडेवारीसाठीच्या फाइल-स्वरूपात लिहिता येते.

युनिटे एकत्र करण्याची पद्धत ही मला सर्वांत उपयोगी पडलेली भर. एकाच चेतापेशीचे दोन तुकडे झाले आहेत असे दिसले, तर ॲनालायझरमध्येच त्यांचे विलीनीकरण करता येते आणि त्याचे दोन प्रकार आहेत. एकात आधीच्या निकालांवरून नवे निकाल झटपट जुळवले जातात, दुसऱ्यात सगळे मुळापासून मोजले जाते. मी पाहणीच्या वेळी पहिला आणि अंतिम आकड्यांसाठी दुसरा वापरतो. कोणती युनिटे जोडण्याजोगी आहेत हे सुचवणारी तयार सूत्रेही आहेत, पण त्यांची सूचना डोळ्यांखालून घातल्याशिवाय स्वीकारू नये. क्रॉस-कोरेलोग्राममधील (दोन युनिटांचे स्पाइक एकमेकांपासून किती अंतराने येतात हे दाखवणाऱ्या आलेखातील) मधली खाच पाहण्याला अजून पर्याय सापडलेला नाही.

संकेत स्वच्छ करण्याच्या टप्प्यात एक बारकावा नव्या लोकांकडून हमखास सुटतो. न्यूरोपिक्सेल्स १.० मध्ये ३८४ चॅनेलांसाठी ३२ परिवर्तक (संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारे भाग) आहेत, म्हणजे प्रत्येक परिवर्तक १२ चॅनेल आळीपाळीने वाचतो. त्यामुळे शेजारच्या चॅनेलांचे नमुने अगदी एकाच क्षणाचे नसतात. ही सूक्ष्म तफावत आधी दुरुस्त केली, तरच सर्व चॅनेलांचा मध्यक वजा करून सामाईक गोंगाट नीट काढता येतो. स्पाइकइंटरफेसमध्ये ती एका ओळीत होते. प्रोब सरकल्याची दुरुस्ती करण्यासाठी ड्रेज पद्धतही आता उपलब्ध आहे. मात्र ती इथे केली, तर किलोसॉर्ट ४ मधील त्याची स्वतःची दुरुस्ती बंद ठेवावी, नाहीतर एकाच दुखण्यावर दोन औषधे होतात.

उणिवा आहेत. क्रमांक अजून शून्यानेच सुरू होतो आणि ते खरेही वाटते, कारण नावे व पद्धती इतक्या वेगाने बदलतात की वर्षभरापूर्वीचे ट्युटोरियल तसेच्या तसे चालेलच याची खात्री नसते. विंडोजवर समांतर गणित चालवताना स्क्रिप्टचा मुख्य भाग वेगळा बांधून घ्यावा लागतो. ज्याला पायथनची सवय नाही, त्याचा पहिला आठवडा त्यातच जातो. पडद्यावर युनिटे चाळण्यासाठीचे साधन वेगळे बसवावे लागते. निकषांची लांबलचक यादी एका आदेशात मिळते ही सोय आहेच, पण विद्यार्थी त्या आकड्यांना परीक्षेच्या गुणांसारखे वागवतात, हे मी वारंवार पाहतो.

ज्यांच्याकडे मॅटलॅब या सशुल्क गणिती सॉफ्टवेअरचा परवाना नाही त्यांना किलोसॉर्टच्या जुन्या आवृत्त्या डॉकरमधून (सगळे लागणारे साहित्य एकत्र बांधून दिलेल्या तयार डब्यातून) चालवता येतात, आणि किलोसॉर्ट ४ तर पायथनमध्येच आहे. ग्राफिक्स कार्डाचा खर्च मात्र टळत नाही. नवे काम सुरू करणाऱ्याने थेट नव्या रचनेवरच यावे. अर्ध्यात असलेल्यांनी घाई करू नये. आमच्याकडे एका विद्यार्थिनीचा प्रबंध जुन्या एक्स्ट्रॅक्टरवर उभा आहे, त्यामुळे ती सादर करेपर्यंत एका संगणकावरचे जुने एन्व्हायर्न्मेंट (जुन्या आवृत्त्यांचा बसवलेला संच) आम्ही तसेच ठेवले आहे आणि त्याच्या पडद्यावर ‘अपडेट करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.