घुबड, लांडगा की पंचवीस नाण्यांचा कुत्रा?

रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला की परळला, फासे टाकत पात्रांची गोष्ट खेळायच्या आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर एक खुर्ची हमखास रिकामी राहते. त्यानं फारसं बिघडत नाही. कळव्याहून येणारा आमचा रेंजर (रानात फिरणारा शिकारी) ताप येऊन तंबूत पडलाय म्हणायचं आणि गोष्ट पुढे ढकलायची. पण त्याचा लांडगा? तो तंबूबाहेर बसलाय, त्याला भूक लागलीय, आणि रात्री गॉब्लिन येणार आहेत हे फक्त मला माहितीय, कारण डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारी, मी आहे.

नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींची गोष्ट, सुरू व्हायच्या आधी कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, सोबत प्राणी घेऊ का? कुठला घेऊ?" दर वेळी तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून ठेवते. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती धरून बोलतेय, कारण आम्ही तीच खेळतो. प्राणी किती डॅमेज करतो हे मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते की तो टेबलाचा किती वेळ खातो, आणि मग त्याचा लगाम नक्की कुणाच्या हातात आहे.

वेळेचं गणित साधं आहे. पाच खेळाडू, प्रत्येकाची टर्न दोन मिनिटांची, वर माझे राक्षस: एक राउंड सहज पंधरा मिनिटांचा होतो. चार तासांच्या सेशनमधला अर्धा तास चहा आणि वडापावात जातो. उरलेल्या वेळात जो जास्तीचा जीव नकाशावर ठेवाल, तो कुणाच्या तरी टर्नमधून मिनिटं उचलतो.

घुबड

नवख्याला मी डोळे झाकून फॅमिलियर, म्हणजे जादूनं बोलावलेला सोबती, सुचवते. फाइंड फॅमिलियर हा विझर्डचा (जादूगाराचा) पहिल्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे मंत्र. टाकायला एक तास लागतो आणि पितळी धुपाटण्यात दहा सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती जाळाव्या लागतात. येतो तो खरा प्राणी नसतोच. प्राण्याच्या रूपातला एक आत्मा असतो, म्हणून तो सांगितलेलं ऐकतोच. त्याला अटॅक करता येत नाही. शंभर फुटांच्या आत असेल तर मनातल्या मनात बोलता येतं, त्याच्या डोळ्यांनी बघता येतं आणि स्पर्शाचे स्पेल त्याच्यामार्फत पोचवता येतात.

घुबडच का, तर त्याला फ्लायबाय आहे. शत्रूजवळ जाऊन हेल्प करायचं, म्हणजे मित्राच्या पुढच्या अटॅकला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा), आणि उडून परत. जाता जाता त्याच्यावर फुकटचा वार बसत नाही. अंधारात त्याला १२० फूट दिसतं. एचपी, म्हणजे जीव मोजायचे गुण, मात्र एक. माझ्या एखाद्या गॉब्लिननं बाण मारला की संपलं. मग पुन्हा दहा नाणी, पुन्हा एक तास. लढाईत त्याची टर्न दहा सेकंदात उरकते, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. आणि मालक मेगाब्लॉकमध्ये अडकला तर घुबडही त्याच्याबरोबर बाजूला ठेवता येतं, कुणी तक्रार करत नाही.

घुबड वेळ खातं ते लढाईबाहेर. विझर्ड त्याला किल्ल्यावर पाठवतो आणि वीस मिनिटं माझं आणि त्याचं दोघांचंच संभाषण चालतं. बाकीचे चौघे मोबाइल काढून बसतात. आता मी नियम केलाय: एका फेरीत घुबड तीन गोष्टी बघून येतं. कुठल्या तीन, ते विझर्डनं उडवायच्या आधी सांगायचं. यातून मजाही वाढली, कारण काय बघायचं यावर आता अख्खं टेबल भांडतं. शिवाय घुबडाच्या डोळ्यांनी बघत असताना विझर्ड स्वतः आंधळा आणि बहिरा असतो, हे बरेच जण विसरतात. आमच्या विझर्डनं भर बाजारात उभं राहून हा उद्योग केला. परत डोळे उघडले तेव्हा कमरेची पिशवी गायब.

चवीनं खेळणारा असेल तर मी डोमकावळा सुचवीन. त्याला ऐकलेल्या साध्या आवाजांची नक्कल करता येते. आमच्याकडे एकदा कोठडीच्या पहारेकऱ्याला दारापासून हलवायचं होतं. कावळ्यानं गल्लीच्या टोकाला जाऊन तान्ह्या बाळाच्या रडण्याचा आवाज काढला. पहारेकरी दोन पावलं गेला, थबकला, मागे बघितलं, आणि गेला. लढाई नाही, रक्त नाही. त्या सेशनची आठवण आजही तीच निघते. मांजर मात्र २०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे घेऊ नका, त्या मांजराला अंधारात दिसतच नाही. चाळीच्या जिन्यात रात्री मांजराचे डोळे चमकताना पाहिलेल्या माणसाला हे पटायचं नाही. मी माझ्या टेबलावर ते बदललंय.

दोन लांडगे

रेंजरच्या बाबतीत खरी निवड दोन लांडग्यांमध्ये आहे, आणि इथे चुकलात तर सहा महिने चुकल्यासारखं वाटत राहतं.

पहिला २०१४ च्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकातला, बीस्ट मास्टर या रेंजरच्या पोटप्रकाराचा. तिसऱ्या लेव्हलला मिळतो. खऱ्या प्राण्यांच्या यादीतून मध्यम किंवा लहान आकाराचा आणि पाव चॅलेंज रेटिंगपर्यंतचा (हरवायला किती अवघड, त्याचा आकडा) निवडायचा. लांडगा बसतो, बिबट्याच्या जातीचा पँथरही बसतो. एचपी त्याचे मूळचे किंवा रेंजरच्या लेव्हलच्या चौपट, जे जास्त असेल ते. म्हणजे तिसऱ्या लेव्हलच्या लांडग्याला बारा. दुखणं असं की त्यानं चावावं म्हणून रेंजरला टर्नमधली मुख्य कृती, म्हणजे स्वतःची अ‍ॅक्शन द्यावी लागते. पाचव्या लेव्हलपर्यंत एक तर तुम्ही बाण मारा, नाही तर तो चावेल. दोघं मिळून शिकार करायच्या इराद्यानं आलेल्या खेळाडूच्या हातात असं पाळीपाळीचं खातं येतं.

दुसरा २०२० साली टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुरवणी पुस्तकात आला. जमीन, पाणी, आकाश असे तीन साचे. रूप कुठलंही द्या, कोल्हा म्हणा की रानडुक्कर. जमिनीवरच्याचे एचपी पाच अधिक लेव्हलच्या पाचपट, म्हणजे तिसऱ्या लेव्हलला वीस. चाल तो आपली आपण करतो आणि हुकूम नसेल तर बचावात राहतो. हुकूम द्यायला टर्नमधली जोड-कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन पुरते, त्यामुळे बाण आणि चावा एकाच टर्नमध्ये. मेला तर तासाभराच्या आत हात लावून एक स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची एक संधी) खर्च करायचा, मिनिटभरात पूर्ण एचपीनिशी उठतो. २०२४ च्या आवृत्तीत हाच साचा मूळ पुस्तकात घेतलाय, यावरूनच काय ते समजा.

जुन्याच्या बाजूनंही बोलते. लांडग्याच्या पॅक टॅक्टिक्सनं, शत्रूच्या शेजारी मित्र असला की, अटॅकला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, आणि त्याच्या चाव्यानं शत्रू आडवा पडू शकतो. तो खराखुरा लांडगा वाटतो. नवा साच्यातून काढलेला वाटतो. नव्याची बोनस अ‍ॅक्शनसुद्धा फुकट नाही. हंटर्स मार्क या रेंजरच्या मंत्राला तीच लागते, दोन तलवारी घेऊन लढणाऱ्यालाही तीच. असा रेंजर बनवत असाल तर पहिल्या टर्नलाच कात्रीत सापडाल.

तरीही मी नवा घ्या म्हणते, आणि कारण डॅमेजचं नाही. आमच्याकडे एकानं जुन्या नियमानं पँथर घेतला होता, नाव बाळू. त्यानं बाळूचं चित्र काढलं, डाव्या कानावरचा कट दाखवला, मिनी (नकाशावर ठेवायची छोटी मूर्ती) नव्हती म्हणून सोड्याच्या बाटलीचं बूच काळं रंगवून आणलं. दुसऱ्याच सेशनला एका ओगरच्या सोट्यानं बाळू गेला. नियम सांगतो की आठ तास घालवून दुसऱ्या प्राण्याशी नातं जोडा. त्यानं जोडलं. बूच तेच, नाव "बाळू दोन". टेबल हसलं, तोही हसला, पण त्यानंतर त्या प्राण्याला कधी कुणी हाक मारली नाही. तो नुसता "पँथर" झाला. नव्या नियमात तोच बाळू उठून उभा राहतो. ज्या प्राण्यावर जीव लावायचाय तो टिकायला हवा.

बाकीचे

यंत्रं बनवणाऱ्या आर्टिफिसरमधल्या बॅटल स्मिथचा स्टील डिफेंडर हा लोखंडी कुत्रा समजा. हुकूम बोनस अ‍ॅक्शननंच. पण दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायच्या आपल्या रिअ‍ॅक्शननं तो शेजारच्या शत्रूनं दुसऱ्या कुणावर केलेल्या अटॅकला डिसअ‍ॅडव्हान्टेज देतो (दोन फाशांतला लहान आकडा धरायचा), आणि मेंडिंगसारख्या किरकोळ स्पेलनं दुरुस्तही होतो. दुसऱ्याला वाचवणारा प्राणी टेबलाला कधीच जड होत नाही. बाकीचेच त्याची काळजी घेतात.

पाथफाइंडर या अशाच वेगळ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळणाऱ्यांना हा प्रश्न कमी छळतो. टर्नला तीन अ‍ॅक्शन, त्यातली एक प्राण्याला दिली की त्याला दोन मिळतात. हिशेब सगळ्यांना दिसतो, भांडण मिटतं.

दोघा-तिघांचंच टेबल असेल तर मात्र साइडकिक, म्हणजे खेळाडूंचा मदतनीस जोडीदार, घ्या. अर्ध्या चॅलेंज रेटिंगपर्यंतचा कुठलाही जीव घेता येतो आणि तो पार्टीबरोबर लेव्हल चढतो. दोन खेळाडूंच्या गोष्टीत तिसरं माणूस आल्यासारखं होतं. पाच जणांत तोच अडगळ होतो.

आणि पंचवीस सोन्याच्या नाण्यांना मिळणारा मॅस्टिफ जातीचा कुत्रा. एचपी पाच. कुठला क्लास (पात्राचा पेशा) नको, स्पेल नको, बाजारात जाऊन घ्यायचा. लढाईत तो शहाण्यासारखा पळून जातो असं मी धरून चालते. पण रात्रीच्या पहाऱ्यावर तो कान टवकारतो, आणि हाफलिंगला, म्हणजे बुटक्या जमातीच्या पात्राला, त्याच्यावर बसता येतं. पहिल्यांदाच प्राणी पाळणाऱ्यानं हा घेऊन तीन सेशन बघावेत. त्यातही त्याचं नाव कुणाला आठवत नसेल, तर लांडग्याच्या भानगडीत पडू नये.

लगाम

लांडगा खेळाडूचा की डीएमचा, यावर टेबलं फुटतात. सगळं खेळाडूकडे दिलं तर प्राण्याचा रिमोट होतो: बिनतक्रार आगीत उडी मारणारा. सगळं डीएमकडे ठेवलं तर खेळाडू स्वतःच्याच प्राण्याची परवानगी मागत बसतो. मी वाटणी करते. लढाईत डाइस आणि चाल खेळाडूची. लढाई नसेल तेव्हा स्वभाव माझा. मालक गैरहजर असेल तर प्राणी डावीकडच्या खेळाडूकडे, म्हणजे कळव्याच्या लांडग्याचा प्रश्न सुटतो.

स्वभावासाठी खेळाडूकडून एक चिठ्ठी घेते, तिच्यावर तीनच ओळी: काय आवडतं, कशाला भितो, पार्टीतलं कोण त्याला आवडत नाही. तिसरी ओळ सोन्याची. आमच्या लांडग्याला क्लेरिक (पुजारीण) आवडत नाही. क्लेरिकनं बरं करायला हात पुढे केला की तो गुरगुरतो, मग क्लेरिकबाई रोज त्याला वाळवलेल्या मांसाचा तुकडा टाकतात. सात सेशन झाली, अजून मन वळलेलं नाही, आणि या मनधरणीची वाट सगळे बघतात.

प्राण्याचा मृत्यू हा विषय मी कॅम्पेनच्या आधी काढते. राक्षस कितीही मारा, चालतं. पण कुत्रा मेलेला चालणार नाही असं सांगणारं एक तरी माणूस निघतं. मग त्या टेबलावर कुत्रा मरत नाही, जखमी होऊन गावी जातो. रडू आणण्यासाठी प्राणी मारणारे डीएम मला आळशी वाटतात.

उलट, प्राणी सोबत असल्याचा त्रास जरूर द्यावा. माझ्या प्रत्येक गावातल्या खानावळवाल्याचा चेहरा सोसायटीच्या सेक्रेटरीचा असतो. "माणसं वर, जनावर लिफ्टमध्ये नाही," एवढंच तो म्हणत नाही, कारण लिफ्ट नसते. अस्वल घेऊन आलेल्या ड्रुइडनं, म्हणजे निसर्गाच्या पुजाऱ्यानं, त्याच्याशी तासभर घातलेली हुज्जत ही आमच्याकडची सगळ्यात गाजलेली लढाई आहे, आणि तिच्यात अस्वलानं एकदाही पंजा उचलला नाही.

तर नवखे असाल तर घुबड, लांबचं कॅम्पेन आणि प्राण्यावर जीव असेल तर २०२० चा लांडगा, दोघंच असाल तर साइडकिक, आणि ठरतच नसेल तर मॅस्टिफ. घुबड घेतलंत तर धूप-कोळशाची दहा नाणी आधीच बाजूला काढून ठेवा. माझे गॉब्लिन हल्ली वर बघायला शिकलेत.