गोवा की हाँगकाँग?

वसाहत आणि तिचा मोठा शेजारी हे नातं अभ्यासायला दोन्हींपैकी काय निवडावं, असा पेच असेल तर आधी रसद पाहा. हाँगकाँग 1965 पासून चीनमधल्या डोंगजियांग नदीचं पाणी विकत घेऊ लागलं. चीनलाही परकीय चलन हवंच होतं.

गोव्यात 1878 च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानं मिठाचा व्यवहार ब्रिटिशांच्या ताब्यात गेला आणि मिठागरं चालवणारे भरडले गेले. 1955 च्या सुमारास भारतानं नाकेबंदी केली, मुंबईच्या मनीऑर्डरी अडल्या. तरी मुरगावातून लोहखनिज जपानला जातच राहिलं. दाब अपुरा पडला तो इथे.

शेवट? हाँगकाँगचा ब्रिटन-चीनच्या 1984 च्या करारानं, प्रत्यक्षात 1997 मध्ये; गोव्याचा डिसेंबर 1961 च्या लष्करी कारवाईनं.

परस्परांची गरज समजून घ्यायची तर हाँगकाँग. नाकेबंदीच्या मर्यादा तपासायच्या तर गोवाच घ्या.